खंडेनवमीचं कुंकू आणि बर्फातली लढाई

माझ्यामुळे कधी कुणाला त्रास होत नाही, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते! नवरात्रात तर सकाळच्या पूजेपासून सांजवातीपर्यंत माझं मौन असतं. लिहून दाखवायचं नाही, फोनवर टाइपही करायचं नाही. जी बोलतच नाही, ती घोटाळा काय करणार?

त्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. विळी झाली, यांचा लॅपटॉप झाला, गाडीच्या चाकांखाली लिंबं झाली. मग टेबलावर अंतराचा फिल्मचा डबा दिसला. माझी लेक जुने सिनेमे दुरुस्त करते. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, डोंगरातल्या लढाईचा एक सिनेमा तिने दोन वर्षं खपून वाचवला होता. एकुलती एक प्रत! त्याच दुपारी खेळ, आणि तो नीट पार पडला तर तिची नोकरी पक्की. मग लेकीचंच हत्यार कसं वगळायचं? डबा उघडला, रिळाच्या कडेला ठसठशीत हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, झाकण घातलं.

थिएटरात खेळाआधी अंतरा लोकांना समजावून सांगत होती. या सिनेमाचा आवाज म्हणे फिल्मच्या कडेवरच छापलेला असतो. तिथे धुळीचा कण बसला तरी स्फोट झाल्यासारखा वाजतो.

कडेवर! म्हणजे मी कुंकू लावलं, नेमकं तिथेच!

मी यांना कोपराने ढोसलं. हवेत रिळासारखं बोट फिरवलं आणि कपाळाला टेकवलं.

"गरगरतंय?" हे कुजबुजले. "उपासाचं पित्त! खडीसाखर घे."

मी जोरजोरात मान हलवली. अंतराकडे बोट दाखवलं, पुन्हा कपाळाला लावलं.

"अगं, तिच्या लग्नाचं आत्ता कशाला काढतेस?"

दिवे मालवले. शुभ्र डोंगर, रांगेने चढणारे सैनिक, आणि धाड! माझं कुंकू! धाडधाड! हळदसुद्धा! लढाईच्या सिनेमात गोळ्या वाजणारच, हे सुचायला डोकं जाग्यावर नको? पुढच्या रांगेत अंतराची साहेबीण काठी गिळल्यासारखी ताठ बसलेली. मी देवीला तीनदा साकडं घातलं.

शेवटी तह झाला. तोफा थांबल्या. म्हातारा कॅप्टन टोपी काढून बर्फात उभा राहिला. सगळं चिडीचूप. आता या शांततेत माझं कुंकू वाजणार! लेकीची नोकरी जाणार! मी ताडकन उठले.

"अंतराऽऽ! थांबव ते! मी कुंकू लावलंय!"

सगळं थिएटर माझ्याकडे वळलं. पडद्यावर कॅप्टन तसाच उभा. कुठे टिचकीएवढाही आवाज नाही!

अंतरा धावत आली. "आई, शूऽऽ! आज खंडेनवमी ना? माझ्या कॅल्क्युलेटरपासून व्हायोलिनपर्यंत काय सोडलंयस तू? ऑफ कोर्स मी चेक केलं! इथे आल्या आल्या सगळं क्लीन केलं!"

खेळ संपल्यावर साहेबीण डोळे पुसत आमच्याकडे आली. अंतराला मिठी मारून म्हणाली, नोकरी तुझीच. मग माझ्याकडे वळून तिने फार प्रेमाने विचारलं, "त्या शांत क्षणी तुम्ही काय म्हणालात हो?"

मौन तर मोडलंच होतं. सांगायला काहीच हरकत नव्हती. पण छे! आता तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!