वांग्याच्या वाफ्यातला हत्ती

वांग्याच्या वाफ्यात माणिकबाईचं खुरपं खट्‌कन वाजलं आणि हाडाचा वीतभर जाडजूड तुकडा वर आला. तो पाहून तिचे यजमान केशवराव हातातलं काम टाकून धावत आले. हाड कोणाचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी माणिकबाई बाळंतपणाला माहेरी असताना तिचा लाडका बैल चांद्या मेला होता. ओल्या बाळंतिणीला रडवायचं कसं? केशवरावांनी त्याला इथंच पुरलं आणि एलिचपूरच्या नत्थुजींना विकला, असं सांगून टाकलं.

"काहाचं हाड होय हो?"

"हत्तीचं असन," केशवराव घाईनं म्हणाले. "लय जुनं आहे. फेक तिकडं."

हत्तीचं हाड कोणी फेकतं होय? दुसऱ्या दिवशी राजापेठेत वांगी देताना माणिकबाईनं ते शेषराव वकिलांच्या कानावर घातलं. वकिलांना दगड झालेल्या हाडांचं भारी वेड. पूर्णेच्या काठानं हिंडून त्यांनी इतकी हाडं जमवली होती, की पक्षकाराला बसायला खुर्ची उरली नव्हती. तासाभरात ते भिंग आणि तसल्याच नादाचे उत्तमराव ड्रॉइंगमास्तर, असे दोन्ही घेऊन टांग्यानं मळ्यात हजर झाले.

"जुनं हाड जिभेले चिकटते," वकील म्हणाले. मास्तरांनी लगेच चाटून पाहिलं.

"चिकटलं!"

"मंग आख्खा हत्ती इथंच आहे! कुदळ आणा!"

केशवराव वाफ्यासमोर आडवे उभे राहिले. खोदल्यावर हत्तीला शिंगं निघाली म्हणजे? "बकरीचं असन, वकीलसाहेब," ते काकुळतीला आले.

"एवढी मोठी बकरी?"

माणिकबाई मात्र हाड धुऊन बोटांनी चाचपत होती. मधोमध मोडून जुळल्याची गाठ होती. "वासरू होता तवा या पायाले मीनंच कामट्या बांधल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "हा आपला चांद्या होय."

मास्तर चूळ भरायला विहिरीकडे धावले. वकीलही त्यांच्या मागोमाग गेले.

केशवरावांची मान वर होईना. "तू माहेरी होती. तुले कसं सांगू?"

"तो गेला हे ठाऊक होतं मले. नत्थुजी दुसऱ्याच वर्षी बाजारात भेटले. त्यायनं बैल घेतलाच नाही म्हणे."

"मंग बोलली कावून नाही?"

"दर पोळ्याले तुमी त्याची खबर सांगता. ऐकाले बरं वाटते."

तिनं हाड वाफ्यात ठेवलं, वर माती लोटली आणि पदरानं डोळे पुसले. "यंदा कसा आहे म्हणे तो?"

केशवरावांनी घसा खाकरला. "थकला जरासा," ते म्हणाले. "पण कडबा पोटभर खाते."