उकडलेल्या अंड्याची उबवणी

कुत्र्यानं आमची बदकीण पळवली, त्या दिवसापासून बायको हसायची बंद झाली. (नाहीतर मला हसणं हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा!) मागं उरली सहा अंडी. म्हटलं, आपणच पिल्लं काढू. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, पाण्याची वाटी. झाली नवी बदकीण! फक्त ओरडत नव्हती.

सातव्या दिवशी खोलीत अंधार करून बायकोनं एकेका अंड्याखाली टॉर्च धरली. पाच अंडी कंदिलासारखी लख्ख, म्हणजे रिकामी. सहाव्यात मात्र लाल शिरांचं जाळं आणि मधोमध धडधडणारा टिपका. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

दुसराही हलवावा, पिल्लाऐवजी उकडलेलं अंडं निघून तिला हसू फुटावं, म्हणून मी त्या पाचांतलं एक गुपचूप उकडलं आणि खोक्यात ठेवलं. (शाळा चौथीपर्यंत, पण असल्या कामात पदवीधर.) "यातही जीव असावासं वाटलं, परत ठेवलंय," असं तिला सांगितलं. गडबडीत झाकण मात्र अर्धवट राहिलं. संध्याकाळी बघतो तर खोका गारढोण. गुपचूप झाकण लावलं.

चौदाव्या दिवशी पुन्हा टॉर्च. सहाव्या अंड्यात नुसतं रक्ताचं कडं. पिल्लू केव्हाच गेलं होतं. बायकोनं ते अलगद बाजूला ठेवलं. मग दुसरं उचललं.

"अहो! हे तर गच्च भरलंय!"

"अगं, ते उकडलेलं आहे."

"पुरे झाली थट्टा! मेल्या जिवाची तरी लाज बाळगा!"

जन्मभर थापा मारल्या, त्या सगळ्यांना पटल्या. एकदा खरं बोललो, तर ही गत.

ती रोज तीनदा अंडं फिरवायची, कान लावायची. "झोपलंय," म्हणायची. विसाव्या दिवशी वास सुटला. "वाढतं बाळ आहे, वास येणारच," म्हणाली.

मला बघवेना. तिच्यादेखत अंडं आपटलं. ती किंचाळली. मी सोलून पुढं धरलं. हिरवट, बुळबुळीत, पण उकडलेलंच.

तिनं ते बोटानं दाबून पाहिलं.

"आणि ते खरं? ते कशानं गेलं?"

"झाकण... माझ्या हातून उघडं राहिलं."

ती उठली. मिठाची वाटी आणून पुढ्यात ठेवली.

"खा."

"अगं, नासलंय."

"खा म्हणते ना!"

खाल्लं. (अर्धंच. पोटाला तेवढंही पटलं नाही.)

आवाज ऐकून धावत आलेली शेजारीण सांगते, बायको हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली म्हणे. असेलही. माझं डोकं बादलीत होतं.