नाना टिपणिसांचे ‘हे’

“आमच्या ह्यांना आज बरं नाही,” असं नाना टिपणीस म्हणाले की नवखा माणूस दचके. कारण नाना चांगले मिशीवाले गृहस्थ, शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. ‘हे’ म्हणजे त्यांचा उजवा हात.

मुलुंडला आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. त्यांच्या पत्नीला, कुसुमवहिनींना, जाऊन काही वर्षं झाली होती. त्यानंतर कधीतरी हा हात बिघडला. करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या, धरलेली वस्तू गळून पडायची. फळ्यावर हात उंचावून गणपती काढायला घेतला, की सोंडेपाशी खडू खाली. “हे रुसले,” असं वर्गाला सांगून नाना उरलेला गणपती डाव्या हातानं पुरा करत. तो उंदरासारखा दिसे. “वाहन आधी आलंय. मालक मागून येताहेत.”

इलाज सगळ्या बिऱ्हाडांनी केले. खालच्या परबकाकू म्हणाल्या, “नानानु, वात आसा तो. एरंडेल चोळा.” नानांनी चोळलं. आधी कप नुसते पडायचे, आता ते सुळकन निसटून समोरच्याच्या मांडीत जायला लागले.

एक दिवस मला त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी खळगा दिसला. तिथलं मांस ओसरलं होतं. मी घाबरलो आणि त्यांना मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी मान, खांदा, बोटं तपासली, टाचणी टोचून पाहिली. मग मनगट धरून म्हणाले, “खोल श्वास घ्या. हनुवटी वर. आता मान उजवीकडे वळवा.” आणि जरा वेळानं, “नाडी गेली.”

“मग हे बोलतंय कोण?” नानांनी विचारलं.

एक्स-रेत उलगडा झाला. नानांच्या मानेशी, उजव्या बाजूला, जन्मापासून एक जादा बरगडी होती. तिच्यावरून हाताकडे जाणाऱ्या नसा चेपल्या जात होत्या. “नाडीचं एवढं मनावर घेऊ नका,” डॉक्टर म्हणाले, “ती धडधाकट माणसाचीही जाते. खरी खूण अंगठ्यापाशी आहे.”

नानांनी नाडीचंच मनावर घेतलं. घरी येताच त्यांनी प्रयोग सुरू केले. “धरा मनगट. हां, मेलो. आता बघा, आलो परत.” परबकाकू तुळशीचं पान घेऊन धावत आल्या, तोवर नाना जिवंत होऊन चहा मागत होते.

उपचार साधे होते. खांद्यांचे व्यायाम, जड पिशवी खांद्याला लावायची नाही, हात फार उंचावायचा नाही, झोपताना तो अंगाशी ठेवायचा. यानं भागलं नाही तर ऑपरेशन करून बरगडी काढायची. नाना वर्गातही खांदे वर-खाली करू लागले. पोरंही करू लागली. हेडमास्तरांनी गृहपाठ विचारला तेव्हा अख्ख्या वर्गानं खांदे उडवले.

तरी पुढच्या खेपेला हात तसाच.

“झोपताना हात कुठे असतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“पसरलेला. उजवीकडे, खांद्याच्याही वर.”

“मी नको म्हटलं होतं ना?”

नानांनी उजवा हात मांडीवर घेतला. मग खाली बघत म्हणाले, “आमच्या मंडळींना उशी सोसत नसे. लग्नापासून ती या हातावर डोकं ठेवून झोपायची. आता आवरून घेतला की वाटतं, तिला जागाच ठेवली नाही.”

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला.

“डावीकडे आहे का हो जादा बरगडी?” नानांनी विचारलं.

“नाही.”

“बरं झालं.”

पुढे काही महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, हातात जोर आला आणि ऑपरेशन टळलं. डॉक्टरांनी व्यायामाला श्रेय दिलं. ते खरंच असेल. पण त्या खेपेला डॉक्टरांकडून परतल्यावर पहिल्याच रविवारी नानांनी मला पलंग फिरवायला बोलावलं होतं. आम्ही दोघांनी तो असा लावला की उजवीकडे भिंत आली. तिकडे हात पसरायला वाव उरला नाही.

नानांनी चादर अंथरली, डाव्या बाजूच्या सुरकुत्या हातानं नीट केल्या.

“इतकी वर्षं उजवीकडे झोपली,” ते म्हणाले. “बाजू बदललेली चालेल ना रे तिला?”

मी चादरीचं दुसरं टोक गादीखाली खोचत म्हणालो, “चालेल, नाना.”