एकही चूक नाही

"व्हिसा लागतच नाही म्हटल्यावर तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" पाळण्याभोवती पोतं गुंडाळता गुंडाळता सुतार बायकोला म्हणाला. "पासपोर्ट दाखवायचा, ठप्पा घ्यायचा, की आपण पलीकडे. नवा नियम आहे. कोणी हूं की चूं करणार नाही."

"ते माणसांचं झालं. पाळण्याचं काय?"

"अगं, जिथे माणसं सोडतात, तिथे लाकडाला कोण विचारतंय!"

"निदान पॉलिशचा एक हात तरी मारा. कोरा दिसतोय."

"कोराच हवा. पोर तोंड लावेल त्याला."

सुताराचे हात गुणी होते, पण जीभ नेहमी हातांच्या पुढे धावायची. तीन वर्षांपूर्वी मुलीनं सीमेपलीकडच्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हाही ती अशीच धावली. "तुझ्या त्या घरात मी एक चूकसुद्धा ठोकणार नाही!" असं तो चार माणसांसमोर बोलून बसला. चूक म्हणजे बारीक खिळा; सुताराच्या तोंडी याहून मोठी शपथ नाही. बोलला आणि लगेच पस्तावला, पण तोवर मुलगी उठून गेली होती. हट्टाच्या बाबतीत तीही बापाचीच लेक. त्यानंतर फोन यायचा तो आईला. "बाबा बरे आहेत ना?" यापुढे गाडी जायची नाही.

मग नात झाली आणि सुतारानं पाळणा करायला घेतला. सांध्यात सांधा बसवत अख्खा पाळणा उभा केला, पण चूक म्हणून ठोकली नाही. शपथही मोडली नाही आणि पाळणाही झाला. मुलगी हुशार आहे, बघताच काय ते समजेल, असा त्याचा बेत होता. माफी मागणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. ते काम आता पाळण्यानं करायचं होतं.

सीमेवर सगळं सुरळीत चाललं. अलीकडच्या खिडकीत ठप्पा बसला, पलीकडच्या खिडकीतही बसला. सुतारानं बायकोकडे 'काय म्हणत होतो?' अशा नजरेनं पाहिलं. समोरच्या काचेपलीकडे मुलगी उभी होती. तिच्या खांद्यावर बाळ होतं आणि ते भोकाड पसरून रडत होतं. तो पाळणा उचलून निघणार, तेवढ्यात सामान तपासणाऱ्या बाईंनी हात आडवा केला.

"काका, पोत्यात काय आहे?"

"पाळणा! नातीला." सुतारानं हौसेनं पोतं सोडलं. "बघाच मॅडम. एकही चूक नाही यात."

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "सुंदर आहे हो. पॉलिश कुठलं?"

"थेंब नाही."

"रंग? कीड मारायचं औषध?"

"छे! जसं झाडाचं निघालं, तसं लाकूड."

"मग मोठीच चूक झाली की, काका," बाई हळहळल्या. "कोरं लाकूड आत नेता येत नाही. त्यातून कीड येते. पॉलिश असतं तर सोडला असता."

बायकोकडे बघायची सुताराची हिंमत झाली नाही.

"पण व्हिसा लागत नाही ना?"

"तुम्हाला नाही लागत. लाकडाला बंदी आहे."

इथे तो गप्प बसला असता, तर पाळण्यावरच निभावलं असतं. पण गप्प बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं.

"हा कुठला न्याय? मग ही माझी काठी बघा. हीसुद्धा कोरीच. ही बरी सोडलीत!"

"सोडली नव्हती, बघितली नव्हती," असं म्हणत बाईंनी काठी घेतली आणि पाळण्यात ठेवली.

"अन् हिच्या अंबाड्यातला आकडा? तोही त्याच लाकडाचा आहे!"

आकडा पाळण्यात गेला आणि बायकोचा अंबाडा सुटून पाठीवर आला. "अहो, तोंड आवरा," ती दातओठ खात म्हणाली, "नाहीतर अंगावरच्या कपड्यांवर परत जावं लागेल."

"आणि हा खिशातला खुळखुळा..." बायकोनं त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. खुळखुळाही गेला.

"कानावरची पेन्सिल?" सुतारानं शेवटी हताश होऊन विचारलं.

"ती न्या. तिला रंग आहे."

"मग असं करतो. आत्ता परत जातो आणि पॉलिश करून आणतो."

"एकदा बाहेर पडलात, की पुढच्या महिन्यापर्यंत आत येता येणार नाही. व्हिसा नाही, म्हणून तर हे नियम आहेत." बाईंचा आवाज मऊ झाला. "पाळणा मी सांभाळून ठेवते, काका. जाताना घेऊन जा. पोरगी कधीची उभी आहे तिकडे."

काठीवाचून लंगडत सुतार बाहेर आला. मागून मोकळ्या केसांनी बायको आली. मुलगी बघतच राहिली.

"आई! कोणी लुटलं की काय तुम्हाला?"

"तुझ्या बाबांच्या जिभेनं," आई म्हणाली.

सुतारानं घसा खाकरला. "पाळणा केला होता. आतच राहिला. एकही चूक..." शब्द अडला. आता पाळणा नव्हता, त्याचं त्यालाच बोलावं लागणार होतं. "नाही. चूक होती, बाळा. माझीच. त्या दिवशी बोललो ती."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं. मग नाक पुसून म्हणाली, "आता धरा हिला. तुम्ही आणणार असं आई म्हणाली, म्हणून आम्ही पाळणा घेतलाच नाही. खाली ठेवलं की ही रडते."

घरी पोहोचेपर्यंत पोरीनं सगळ्यांचे कान किटवले. सुतारानं खोलीभर नजर टाकली आणि जुन्या कपाटाचा एक खण ओढून काढला. झकास पॉलिश केलेला होता. खाली वाकदार पट्ट्या मारल्या, की डुलेल. सांधे करायला मात्र वेळ नव्हता. सासरे घरात आल्यापासून जावई लांब-लांबच होता. त्यानं नुसता हातोडा पुढे केला आणि चुकांची पुडी समोर ठेवली.

सुतारानं पुडी उलगडली. मग सवयीनं मूठभर चुका ओठांत धरल्या आणि ठोकायला सुरुवात केली.

बायको दारात येऊन उभी राहिली. अंबाड्यात तिनं सुताराची पेन्सिल खोवली होती.

"काय हो, एक चूकसुद्धा ठोकणार नव्हतात ना या घरात?"

मुलगी खो खो हसायला लागली, आणि तिचं बघून जावईही हसला. सुताराकडे उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत होतं. पण त्याचं तोंड चुकांनी भरलेलं होतं.