ओहोटीचा पत्ता

जगात असा एकही नियम नाही, जो परशुरामाने वाचला आणि परशुरामाला कळला नाही! परशुराम म्हणजे मीच. घर मालवणात, कचेरी ओरोसला, आणि सत्तावीस वर्षं परिपत्रकं वाचण्यात गेलेली. साहेब लोक बदलून येतात, कागद माझ्याकडे सरकवतात आणि हळूच विचारतात, "परशुराम, यात नक्की म्हणायचंय काय?" मी सांगतो. त्यामुळे शेजारच्या हुमाने पुण्याहून पत्त्यांचा एक नवा खेळ आणला, तेव्हा मी मनात म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ!

सलग सात रविवार हरलो.

हरण्याचं एवढं काही नाही हो, माणूस हरतो. पण मी हरलो सासूबाईंकडून! आनंदीबाई, वय त्र्याहत्तर, मूळ गाव मिठबाव, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पत्त्यावर काय लिहिलंय ते त्यांना दिसतही नव्हतं. त्या पत्ता नाकाला लावायच्या, निळं काही दिसलं की "ह्यो माका!" म्हणून उचलायच्या. आणि निळे पत्ते म्हणजे मासळी! ज्याच्याकडे शेवटी मासळी जास्त, तो जिंकला. झालं!

खेळाचं नाव 'बंदर'. हुमाच्याच मैत्रिणींनी तिकडे बनवलेला. सुरुवातीला प्रत्येकाला दहा पत्त्यांची गड्डी मिळते, पण सगळा गाळ! सात फाटकी जाळी आणि तीन रिकाम्या टोपल्या. दर पाळीला त्यातले पाच पत्ते हातात घ्यायचे आणि त्यांच्या जोरावर मध्ये मांडलेल्या पत्त्यांतला एखादा चांगला पत्ता आपल्या गड्डीत आणायचा. होडी, गलबत, सुरमई. मग गड्डी पिसायची की तोच पत्ता पुढे आपल्या हातात येतो. म्हणजे खेळता खेळता ज्याने त्याने आपली गड्डी बांधायची.

आता हरजीत घरातल्या घरात राहिली असती तर मी गप्प बसलो असतो. पण गेल्या महिन्यात आई (मी सासूबाईंना आईच म्हणतो) पडवीच्या पायरीवरून पडल्या. पायरी दिसलीच नाही! ओरोसच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, आता दिवस घालवू नका. पण आईंचं एकच.

"माका सगळां दिसता! समुद्र दिसता, मासो दिसता. आणि काय बघूचां आसा ह्या वयात?"

माझ्या बायकोने, संचिताने, रडून पाहिलं. देवाच्या शपथा घातल्या. शेवटी एका रविवारी मला सातव्यांदा हरवून आई खुशीत आल्या आणि म्हणाल्या, "जावयबापू, ह्या खेळात माका एकदा हरवा. मगे तुमी म्हणशात थंय येतंय!"

संचिताने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिच्या आईचे दोन्ही डोळे माझ्याच हातात आहेत.

मी थेट हुमाला गाठलं. हुमा हुशार पोरगी. घरूनच नोकरी करते आणि मध्ये मध्ये मला शहाणं करते. ती म्हणाली, "काका, एकच पत्ता नीट वापरा. ओहोटी! तो आला की हातातले फालतू पत्ते खेळातून कायमचे बाद करता येतात. गड्डी जितकी लहान, तितका चांगला पत्ता लवकर हाती लागतो."

अहाहा! गाळ बाहेर, माल आत! असलं साधं तत्त्व आम्हाला कचेरीत का सुचत नाही? मी तो पत्ता हातात घेतला, एक नजर टाकली, आणि चार पत्ते बाद करायचे हे डोक्यात पक्कं बसवलं. पुढचा आठवडाभर ओरोसच्या एसटीत बसून मी तोंडाने पुटपुटत होतो. शेजारचा उतारू दोन दिवसांनी जागा बदलून बसू लागला.

शुक्रवारी संध्याकाळी मी अंगणातून हुमाला फोन लावला आणि जरा जोरातच बोललो. "ठरलं! जुनं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. नुसती अडगळ! पहिल्याच फेरीत बाहेर काढायचं, पुन्हा घरात घ्यायचं नाही!"

मागे वळलो तर दारात संचिता. हातात कोयती, पुढ्यात अर्धा सोललेला नारळ.

"अहो, कोणाक बाहेर काढतास?"

"जुन्यांक!" मी उत्साहाने म्हणालो. "त्यांचो काय उपयोग नाय गो. नुसती जागा अडवतत."

ती कोयती घेऊन तरातरा आत गेली. पाच मिनिटांनी बघतो तर आई पडवीत! नवं लुगडं, काखेत पिशवी, पायात चपला. उजव्याची डाव्यात.

"माका मिठबावच्या एस्टीत बसवा," त्या म्हणाल्या. "मी कोणाची जागा अडवणंय नाय."

"आई! मी फाटक्या जाळ्याबद्दल बोलत होतंय!"

"म्हणजे माझी आई फाटकां जाळां काय?" संचिता आतून कडाडली.

"नाय गो! रिकामी टोपली!"

हे बोलायला नको होतं. ते मला बोलल्यावर कळलं. कोयती अजून तिच्याच हातात होती. शेवटी कुंपणावरून हुमाला बोलवावं लागलं. तिने सगळे पत्ते पडवीत पसरून माझी बाजू मांडली, तेव्हा कुठे पिशवी काखेतून खाली उतरली. आई म्हणाल्या, "असां काय? मगे बघूया तुमची ओहोटी!" पण संचिताने मला रात्री जेवताना मासळीचा एकही तुकडा वाढला नाही. नुसती आमटी!

रविवार उजाडला. दुपारची जेवणं झाली, पडवीत चटई टाकली. एका बाजूला आई, समोर मी, कडेला हुमा आणि संचिता. मी पहिल्याच पाळीत ओहोटी उचलली! हुमाने मान डोलावली. तिसऱ्या पाळीत ती हातात आली, सोबत दोन जाळी आणि दोन टोपल्या. चारही बाद! मी ते पत्ते असे भिरकावले की एक तुळशीपर्यंत गेला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! ताप उतरल्यासारखं!

पुढच्या वेळी ओहोटी आली ती दोन जाळी, एक टोपली आणि माझी नवीकोरी होडी घेऊन. मी जरा थबकलो. होडी चांगली होती. पण चार म्हणजे चार! नियम मोडणारा माणूस मी नव्हे. होडी बाद.

"काका, होडीपण?" हुमाने डोळे मोठे केले.

"मी विचार करूनच खेळतंय," मी म्हणालो.

तिला वाटलं, काकांचा काहीतरी खोल डाव आहे. मलाही तसंच वाटलं. गड्डी लहान होत होती ना? मग ताकद वाढतच असणार! त्यानंतर सुरमई गेली. गलबत गेलं. गलबत बाद करताना मी चेहरा असा ठेवला की जणू साहेबांसमोर फाईल धरून उभा आहे. संचिता एकदा माझ्याकडे बघे, एकदा बाद पत्त्यांच्या ढिगाकडे. तो ढीग आता माझ्या गड्डीपेक्षा केवढा तरी मोठा झाला होता. आई मात्र निळं दिसलं की उचलत होत्या. "ह्यो माका! ह्यो पण माका!"

आणि मग माझी पाळी आली. मी गड्डी उचलली. म्हणजे उचलायला गेलो. गड्डीत एकच पत्ता होता. ओहोटी!

आता हिने बाद काय करायचं? काही नाही. घ्यायचं कशाने? काही नाही! मी तो एकुलता एक पत्ता हातात धरून बसलो. सगळं बरोबर केलं होतं, मग हे झालं कसं?

आईंनी डोळे बारीक केले. मान पुढे काढली.

"जावयबापू, पत्ते सारके पसरून धरा. माका एकच दिसता."

"एकच आसा, आई."

आईंनी डोळे चोळले. मग संचिताकडे वळल्या. "एकच आसा गो?"

"होय गो आई. एकच."

"हुमा?"

"एकच आहे, आजी."

आईंनी आपल्या हातातले पत्ते नाकाशी नेऊन मोजले. पाच. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. एक. त्यांचा चेहरा उतरला.

"हरेकाच्या हातात पाच आसतत, ह्यां माका ठावक आसा. तुमी सगळे माका बरां वाटूक म्हणान खोटां सांगतास." आवाज एकदम बारीक झाला. "लांबचां गेलां गो माझां, संचिता. माणूस समोर दिसता, हातातलां दिसणां नाय!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. त्याच क्षणी संचिताच्या पायाचा अंगठा माझ्या पोटरीत असा रुतला, जसा शिंपल्यात सुरीचं टोक. मी तोंड मिटलं.

"उद्याची ओरोसची पयली एस्टी किती वाजता?" आईंनी विचारलं आणि पत्ते खाली ठेवले.

हुमा पत्ते गोळा करता करता माझ्या कानाशी आली. "काका, तिथे 'चारपर्यंत' लिहिलंय. तीन काढा, एक काढा, एकही नाही काढला तरी चालतं." मी पत्ता वाचला. 'हातातील चारपर्यंत पत्ते कायमचे बाद करा.' 'पर्यंत' अगदी ठळक होतं. मी पत्ता उलटा करून ठेवला.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं. पट्टी निघाली त्या दिवशी परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसल्या आणि ओरोसपासून एकेक पाटी मोठ्याने वाचत सुटल्या. "उसाचो रस! काजूगर मिळतील! पंक्चर काढून मिळेल! ह्यो बघ, ह्यो कोण पुढारी, मिशी केवढी तेची!" अख्खी गाडी हसत होती. कंडक्टरसुद्धा.

मागच्या सीटवर संचिता माझ्याजवळ सरकली. कित्येक दिवसांनी तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक दिसलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या डोळ्यांतही मी एवढं पाहिलं नव्हतं!

"खरां सांगा," ती हळूच म्हणाली, "आईक घाबरवूक तुमी मुद्दाम एकच पत्तो ठेवलात मां?"

हो म्हणायला काय जात होतं? पण जीभ वळेना. नाही म्हणवेना.

"तसां... विचाराधीन होतां," मी म्हणालो.

सरकारी माणसाची बायको ती. तिला अर्थ बरोबर कळला. तिने पदर तोंडाला लावला, मान खिडकीकडे वळवली, आणि वाटेतल्या कट्टा गावाचा स्टॉप येईपर्यंत तिचे खांदे हलत होते.