निंबार्ते बाबू बारा वाजता कुठे जातात

आमच्या ऑफिसातले निंबार्ते बाबू रोज सकाळी पावणेदहा वाजता रेकॉर्ड रूममध्ये जातात, दार आतून लावून घेतात आणि मोबाइलकडे बघून डोळे मिचकावतात.

यात त्यांचा काही दोष नाही. हजेरीचं नवीन ॲप आलं आहे. त्यात चेहरा दाखवला की पडद्यावर अक्षरं उमटतात, 'कृपया डोळे मिचकवा'. समोर जिवंत माणूस आहे, नुसता फोटो नाही, याची त्या ॲपला खात्री हवी असते. आम्ही बाकीचे व्हरांड्यातच डबे हातात धरून डोळे मिचकावतो आणि मोकळे होतो. पण छप्पन वर्षांच्या माणसानं चारचौघांत, त्यातही बायामाणसांदेखत, असं काही करणं बाबूंना मंजूर नाही.

"सदर सूचना सभ्य नाई, नोंद घ्यावी," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते रेकॉर्ड रूममध्ये गेले.

'सदर' आणि 'नोंद घ्यावी' हे दोन शब्द काढून घेतले तर बाबूंना बोलताच यायचं नाही. ते आमचे आवक-जावक बाबू. ऑफिसात येणारा आणि ऑफिसातून जाणारा प्रत्येक कागद चौतीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेला आहे, आणि जाता जाता थोडी भाषा त्यांच्या अंगावर सोडून गेला आहे. डबा उघडला की म्हणतात, "सदर वांग्यात मीठ कमी पडून राहिलं." टपरीवाल्याला म्हणतात, "चहा पानचट आहे, उचित कार्यवाही व्हावी." त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं की, लग्नानंतर ती माहेरी गेली तेव्हा यांचं पहिलं पत्र आलं, त्याच्या डोक्यावर जावक क्रमांक होता.

मी मूळची पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. कनिष्ठ लिपिक म्हणून सिहोऱ्याच्या या शाखेत लागले, तेव्हा ऑफिस म्हणजे काय हे मला कळत नव्हतं. ते बाबूंनी शिकवलं. टाचणी कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात टोचायची, तेही शिकवलं.

या ॲपची कथा अशी. कोरोनाच्या दिवसांत आळीपाळीनं यायची मुभा मिळाली होती. कोरोना गेला, पण काही लोकांची पाळी संपेना. मग वरून आदेश आला की सगळ्यांनी रोज ऑफिसात यायचं, आणि आलेलं दिसलं पाहिजे. आधी अंगठ्याचं यंत्र आलं. ते सगळ्यांना ओळखायचं, फक्त बाबूंना नाही. बाबू अंगठा ठेवायचे आणि यंत्रातली बाई म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा. बाबूंनी खोबरेल तेल लावून पाहिलं, लिंबू चोळून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"लहानपणी मॅट्रिक होयेपर्यंत मायसंगं बिड्या वळल्या, मॅडम," ते मला म्हणाले. "माह्या अंगठ्याच्या रेघा मायच्या सुपातच रायल्या."

ऑफिसात सगळ्यांच्या आधी येणारा माणूस दोन महिने कागदावर गैरहजर होता. पुढे यंत्र गेलं आणि हे चेहऱ्याचं ॲप आलं. नकाशावर ऑफिसभोवती शंभर मीटरचं वर्तुळ, आणि त्या वर्तुळात उभं राहिलं तरच हजेरी. वर्तुळ आखायला आलेल्या माणसाला आमच्या लोकांनी आग्रहानं चहाला नेलं, आणि त्यानं नकाशावरची खूण टपरीवर बसल्या बसल्या लावली. त्यामुळे पहिले तीन आठवडे आमची हजेरी फक्त रस्त्यापलीकडच्या टपरीवर लागत होती. समोरून जाणारे लोक विचारायचे, ऑफिस इकडं आलं का?

नवे साहेब आले आणि त्यांनी खूण जागेवर आणली. साहेब नागपूरचे, तरुण, स्वभावानं वाईट नाहीत, पण नकाशावर फार जीव. ॲप दिवसातून कधीही एकदा टिंग वाजवायचं. वाजलं की पाच मिनिटांत, असाल तिथून, चेहरा दाखवायचा. साहेब दर सोमवारी आठवड्याचा नकाशा छापून भिंतीवर लावायचे. वर्तुळात सगळ्यांचे हिरवे ठिपके. आणि गावाच्या अंगाला, वर्तुळाच्या बाहेर, एकाच जागी एकावर एक पडलेले लाल ठिपके. बारा ते पाऊणच्या मधले. सगळे निंबार्ते बाबूंचे.

ऑफिसात चर्चेला ऊत आला. जेवणाची सुट्टी एकला, मग हा माणूस बाराला कुठे जातो? एक जण म्हणाला, पत्ते. दुसरा म्हणाला, नाही, बाबूंनी कुठेतरी दुकान टाकलंय. तिसऱ्यानं नुसती भुवई वर केली. रेकॉर्ड रूमच्या दाराआडून मोबाइलला डोळे मिचकावणारा माणूस, त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं.

मी एकदा सरळ विचारलं. "बाबू, बाराला कुठं जाता?"

"सदर बाब खासगी आहे," ते म्हणाले आणि लिफाफ्याला डिंक लावू लागले.

शेवटी साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढली. आमच्याकडे जावक बाबू एकच. त्यामुळे बाबूंनी स्वतःची नोटीस स्वतः जावकात नोंदवली, तिच्यावर क्रमांक टाकला, खुर्चीतून उठले, टेबलाच्या या बाजूला आले, नोटीस स्वीकारली, पोच म्हणून सही केली आणि परत जाऊन खुर्चीत बसले. मग पूर्ण वाचून ती घेऊन साहेबांकडे गेले.

"साहेब, यात संदर्भ टाकायचा रायला. अशी नोटीस टिकत नाई."

साहेबांनी दुसरी काढली. तिला बाबूंनी तीन प्रतींत उत्तर दिलं. ते मीच टाइप केलं म्हणून मला पाठ आहे. 'सदर कालावधीत सदर कर्मचारी सदर ठिकाणी होता, हे खरे आहे. माहितीस्तव सविनय सादर.' बस, एवढंच. कारणाच्या जागी काही नाही.

साहेब चिडले. त्यांनी प्रकरण भंडाऱ्याला जिल्ह्याच्या ऑफिसात पाठवलं. तिथून सुनावणीची तारीख आली. बदलीसुद्धा होऊ शकते, अशी कुजबुज झाली. नोकरीची दोन वर्षं राहिलेल्या माणसाची बदली म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. भुवई वर करणाऱ्यानंही ती खाली घेतली.

सुनावणीच्या दिवशी सकाळी बाबू इस्त्रीचा सदरा घालून आले. भंडाऱ्याच्या बसला वेळ होता. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चौतीस वर्षांत या माणसानं कुणाकडं काही मागितलं नसावं, असे उभे होते.

"मॅडम, एक विनंती अर्ज होता. तोंडी."

"बोला ना, बाबू."

त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. रेघा हातानं आखलेल्या, जुन्या हजेरीच्या मस्टरसारख्या. "शाळेच्या मागं रामटेकेचं घर आहे. आपल्या इथंच शिपाई होते रामटेके दादा, रिटायर होऊन वीस वर्षं झाली. आता त्यायले काही आठवत नाई. ड्यूटीवर आहो असंच वाटते. सून शाळेत पोषण आहार शिजवाले जाते, दोनले परत येते. बाराले घरी कोणी नसते. बाराच्या ठोक्याले सही झाली नाई तं दादा जेवत नाईत, उठून रस्त्याले लागतात. मागं एकदा ट्रकसमोर आले होते. तुमी फक्त वही समोर धरा. सही करतीन. मंग चुलीपाशी ताट झाकून असते, ते द्या."

मी वही घेतली. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "तुमाला लाल ठिपका लागन, याची नोंद घ्यावी."

बाराला पाच कमी असताना मी वर्तुळाच्या बाहेर पडले.

शाळेमागं विटांचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. खाटेवर एक सुकलेले म्हातारे बसले होते, खाकी सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून. पायात बूट.

"साहेब आले का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही आले, दादा. सही करून घ्या."

मी वही उघडली. प्रत्येक तारखेपुढं दोन सह्या होत्या. पहिली थरथरत काढलेली, 'रामटेके'. तिच्याखाली रेखीव अक्षरात, 'निंबार्ते'. पानामागून पान तसंच. दादांनी जीभ दातांत धरून आपली सही केली. बराच वेळ लागला. मी वही मिटायला गेले तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"थांबा बाई. मस्टर आत नेऊ नका अजून. बपेऱ्याचा पोट्टा यायचा आहे."

"कोण पोट्टा, दादा?"

"निंबार्ते. नवा लागला. सायकलनं येते बपेऱ्याहून, माय बिमार आहे त्याची. सैपाक करून, मायले जेवू घालून निंगते. उशीर होते." त्यांनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दहा मिनिटांच्या वर झाले की साहेब लाल शेरा मारते. मस्टर नेणं माह्या हाती आहे. मी पाणी पिऊन येतो. मस्टर घेऊन पाणी पेता येत नाई ना. तवरिक येते तो."

ते उठले, भिंतीला धरून माठापर्यंत गेले. गिलास भरला. एकेक घोट घेत, दाराकडं बघत, सावकाश प्याले. तो संपला. रस्त्यावर कुणी दिसेना. त्यांनी दुसरा भरला.

त्यांची पाठ माझ्याकडं होती. मला आता कळलं की रोज ते माठापाशी असताना इथं काय होत असेल. मी पेन उघडलं आणि बाबूंच्या रकान्यात बाबूंची सही केली. सरकारी नोकरीत येताना जे कधी करायचं नाही म्हणून बाबूंनी मला सांगितलं होतं, त्यातलं हे पहिलं.

दादा परत आले. वाकून वही पाहिली. बोट रेघेवरून फिरवलं.

"आला," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं. चांगला पोट्टा आहे." मग त्यांनी बूट काढले आणि जेवायला बसले. वरण-भात, वर आंबाडीची भाजी. मला म्हणाले, तुमीबी घ्या बाई, ऑफिसात कायची लाज.

परत येईपर्यंत माझं टिंग वाजून गेलं होतं. साहेबांनी आत बोलावलं. मी सगळं सांगितलं, सहीसकट. ते उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले.

"हे त्यांनी उत्तरात का नाही लिहिलं?"

"माहीत नाही, सर."

साहेबांनी भंडाऱ्याला फोन लावला, दार लावून घेतलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाहेर येऊन त्यांनी मला एक आदेश टाइप करायला सांगितला. निंबार्ते यांची जेवणाची सुट्टी यापुढे बारा ते पाऊण राहील. आदेशात संदर्भ टाकला आहे का, हे त्यांनी दोनदा तपासलं.

बाबू साडेपाचच्या बसनं आले. ऑफिस रिकामं होत होतं. भंडाऱ्याच्या साहेबांनी म्हणे आधी खूप सुनावलं, मग एक फोन आला आणि त्यांनी चहा मागवला. चहा बरा होता. मी त्यांना आदेश दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, आवकात नोंदवला.

"बाबू, उत्तरात लिहिलं का नाही तुम्ही?"

"काय लिहू? रामटेके दादा येडे झाले म्हणून? सरकारी फायलीत?" ते म्हणाले. "त्यायच्या सर्व्हिस बुकात एक वाईट शेरा नाई, मॅडम. मी पाहिलं आहे. माह्या हातानं कायले मारू?"

मी वही परत दिली. त्यांनी चष्मा वर करून माझी सही तपासली. "रफार चुकला तुमचा," म्हणाले. मग विचारलं, "तुमी कोण म्हणून नाई विचारलं त्यायनं?"

"नाही. तुम्हाला ओळखतात का?"

"मले? मी तं त्यायले बडे बाबू वाटतो. टकला आहो ना आता. रोज मले सांगतात, बाबू, जरा थांबा, निंबार्ते यायचा आहे." ते वही पिशवीत ठेवत होते. "पाणी किती प्याले आज?"

"दोन गिलास."

त्यांचा हात पिशवीतच राहिला.

"रोज एकच पेतात," ते म्हणाले. "आज बहुत उशीर केला मी."