नेव्हिल हातांनी सायकल चालवतो

हातांच्या बाबतीत नेव्हिल हॅनाफोर्ड कुणाला हार जाणारा नव्हता. उभा जन्म मेंढ्या भादरलेले हात ते.

पाय मात्र फितूर झाले होते. रक्तवाहिन्या तुंबलेल्या. बोल्स या गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात हिरवळीवर गोळा टाकून पलीकडच्या टोकाला निघावं, तर निम्म्या वाटेत पोटऱ्या आखडायच्या. मग तो वाकून गवत निरखत उभा राही. क्लबाने कौतुकाने त्याला गवत समितीचा अध्यक्ष केलं.

ऑपरेशनने पाय सुटणार होते. पण हृदय ते सोसेल का, हे आधी बघायचं होतं. चालत्या पट्ट्यावर त्याचे पाय लगेच आखडले असते, म्हणून हातांनी पेडल फिरवायची तपासणी.

"यंत्रच शरण येईल," तो बायकोला, ग्लेनिसला म्हणाला. "ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली घेऊ, आणि शनिवारी क्लबाची फायनल खेळू."

पेडल हलकं.

तपासणी घेणारी इनेका नुकतीच हॉलंडहून आली होती. तिच्या देशात माणसं विचारलं की खरं सांगतात.

"कसं वाटतंय?"

"ठीकच आहे."

तिने जोर वाढवला.

मध्यम.

नेव्हिलचा चेहरा बिटासारखा झाला.

"आता?"

"ठीकच."

कोपऱ्यात शब्दकोडं सोडवणारी ग्लेनिस म्हणाली, "बाई गं, पायावर ट्रॅक्टर चढला तेव्हाही हा ठीकच होता."

"छोटा ट्रॅक्टर होता," नेव्हिल धापा टाकत म्हणाला.

"मला पेशंटच्याच शब्दावर चालावं लागतं," इनेका म्हणाली. आणखी जोर वाढला.

जड.

पेडल कुरकुरलं. नेव्हिलच्या खांद्यातही काहीतरी कुरकुरलं.

"जरासं जड जातंय," तो म्हणाला.

ग्लेनिसच्या हातून पेन्सिल गळाली. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं.

"गेला! धावा, माझा नेव्ह गेला!"

दार उघडलं. नर्स आल्या, ऑक्सिजन आला. चौघांनी त्याला उचलून आडवा केला. एकीने शर्ट कापला. तो शर्ट फायनलचा होता.

"अहो, शर्टाची बाही पेडलमध्ये अडकली होती, म्हणून जड गेलं," नेव्हिल मास्कच्या आतून सांगत होता. ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

गर्दी पांगली.

इनेकाने कागद पाहिला. हृदय ठणठणीत. "ऑपरेशनला हरकत नाही. पण आजोबा, सर्जनला तरी जे होतंय ते सांगा. नेमक्या आकड्यात नाही, तर निदान खऱ्या शब्दांत."

नेव्हिलला ते पटलं. शहाणा माणूस होता.

सर्जन मॅकी शेजारच्याच गावात वाढलेले. "पाय कसा आहे, नेव्ह?"

"खूप दुखतो, डॉक्टर. झोप लागत नाही."

मॅकींचं पेन थांबलं. त्यांचे वडील आयुष्यात एकदाच 'दुखतंय' म्हणाले होते, आणि तेव्हा त्यांचं अपेंडिक्स फुटलेलं होतं.

"खाट तयार करा," मॅकी नर्सला म्हणाले. "आत्ताच. यांना घरी जाऊ देऊ नका."

शनिवारी क्लबाने फायनल जिंकली. गवताचं कौतुक झालं. नेव्हिल ऑपरेशन होऊन वॉर्डात पाय बांधून पडला होता.

"कसं वाटतंय?" ग्लेनिसने विचारलं.

"ठीकच आहे."

ग्लेनिसने हात लांब करून नर्सची घंटा दाबली.